जावईबापूंनी घेतलेला पट्टा

…आणि वर मलाच ऐकवतात, की बाबा, तुम्ही बोलत नाही ना, म्हणून हे सगळं झालं. आता मला सांगा, न बोलण्यानं कधी कुणाचं काही झालंय का? बोलण्यानं होतं, ते मला माहीत आहे. भांडणं होतात, कोर्टकचेऱ्या होतात, लग्नंसुद्धा होतात… पण गप्प बसलेल्या माणसानं कुणाचं काय बिघडवलंय? मी जन्मभर गप्प बसलो. चार इयत्ता शिकलो, त्यातल्या तीन नुसत्या गप्प बसून काढल्या. गुरुजी म्हणायचे, पोरगा शांत आहे, ढकला पुढे. चौथीत एकदा बोललो आणि तिथंच शिक्षण संपलं. मग चाळीस वर्षं दगडखाणीत, तिथं यंत्रांचा एवढा खडखडाट की बोललेलं ऐकणार कोण? सगळा कारभार हातानं. बोट वर केलं की ओढ, मूठ वर केली की थांब, झालं. माझं काम म्हणजे खाणीत रुतलेले डंपर बाहेर ओढून काढायचं. रोज एक तरी रुतायचाच. पावसात तीन.

तर तुम्हाला सांगतो, या जगात मला कळतं अशी एकच गोष्ट आहे, रुतलेली गाडी. बँकेतलं कळत नाही, फोनमधलं कळत नाही, आमच्या हिच्या मनातलं तर पन्नास वर्षं झाली तरी कळत नाही. रुतलेली गाडी मात्र लांबून बघून सांगतो, कुठल्या चाकाखाली काय आहे ते. आणि नेमकी हीच एक गोष्ट आमच्या जावईबापूंनी छंद म्हणून धरावी? माणसाला कितीतरी छंद असतात. तिकिटं जमवतात, मासे पाळतात. पण नाही. यांनी एक जुनी जीप घेतली आणि दर रविवारी जिथं रस्ता नाही तिथून ती चालवायला लागले. आम्ही जन्मभर रस्ता नाही म्हणून रडलो, आणि ही माणसं चांगला रस्ता सोडून हौसेनं चिखलात शिरतात. पण म्हणणार कोण? जावयाला कोण बोलणार?

माणूस सोन्यासारखा आहे हो. दातांचा डॉक्टर. सुई टोचताना म्हणतो, आता एक मुंगी चावेल हं, आणि खरंच मुंगीएवढंच दुखतं. माझी ही पुढची कवळी त्यांनीच केलेली. आता ज्या माणसानं तुमच्या तोंडात दात बसवले, त्याच दातांनी त्याला तू चुकलास म्हणून सांगायचं? जीभ रेटत नाही.

आणि आमच्या हिचा कायदा वेगळाच. मुलीचं लग्न झालं त्याच दिवशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "हे बघा, आजपासून जावयाला चुकलं म्हणायचं नाही. माझ्या वडिलांनी तुम्हाला कधी म्हटलं?" आणि ते खरं आहे. सासऱ्यांनी मला कधीच काही म्हटलं नाही. मी नवा जावई असताना मोठ्या उत्साहानं त्यांच्या माजघराचं छप्पर दुरुस्त करून दिलं होतं. छान झालं म्हणाले, पाठीवर हात फिरवला. ते गेल्यावर माळा आवरताना मला एक बादली सापडली, आणि मेहुणा म्हणाला, ही दाजींची बादली. मी म्हटलं, माझी कशी? म्हणाला, तुम्ही छप्पर केलंत ना, त्याखाली ठेवायची. नऊ वर्षं ते छप्पर गळत होतं. मी गेलो की बादली उचलून माळ्यावर, मी निघालो की परत खाली. पावसात गेलो तर म्हातारा स्वतः त्या धारेखाली खुर्ची टाकून बसायचा आणि म्हणायचा, मला इथंच बरं वाटतं, हवेशीर आहे. आता अशा माणसाच्या मुलीशी लग्न केल्यावर मी माझ्या जावयाला कुठल्या तोंडानं बोलणार?

तर झालं काय, एक दिवस जावईबापू घरी आले आणि म्हणाले, "बाबा, उद्या दुकानात येता का? गाडी अडकली तर ओढायला पट्टा घ्यायचाय, मागं जोडायचं थोडं सामान घ्यायचंय. तुम्ही असलात म्हणजे बरं." मला वाटलं, म्हाताऱ्याला जरा बाहेर फिरवून आणावं असं मनात असेल. नातवंडांना बागेत नेतात तसं. गेलो.

ते दुकान बघितलंत तर तुम्हालासुद्धा घाम फुटेल. आमच्या खाणीत या कामाला दोन वस्तू होत्या. हळू ओढायला तारेचा दोर, आणि हिसका देऊन उपटायला बोटीवरचा जुना जाड नायलॉनचा दोर. आणि एक फावडं. इथं एक अख्खी भिंत नुसत्या पट्ट्यांची. केशरी, हिरवे, पिवळे, निळे, एक तर चक्क जांभळा. खाली लोखंडी कड्या, आकडे, चौकोनी नळ्या, हातमोजे, आणि चमचमणारे गोळे, एवढे गुळगुळीत की माझं तोंड त्यात भोपळ्याएवढं दिसत होतं. आणि दुकानातला विक्रेता… काय त्याची जीभ. बोलेल त्याची बोरं खपतात म्हणतात ना, हा तर नुसत्या बिया खपवेल. "सर, हा बघा, वीस टनांचा. वीस टन, सर. याच्यावर काही नाहीच. दोन्ही टोकांना आकडे, अडकवलं की निघालं, दोन सेकंदांचं काम, सर."

वीस टन म्हणजे किती, माहीत आहे का? आमचा दगडानं भरलेला डंपर. आणि जावयांची जीप रिकामी दीड टन, जावई आणि त्यांचं सामान बसलं की पावणेदोन. आता हा दोन सेकंदांतला विक्रेता काय सांगत नव्हता ते मी तुम्हाला सांगतो. हिसक्याच्या कामाला पट्टा जेवढा जाड तेवढा चांगला असं नसतं. पट्टा ताणला गेला पाहिजे. दहा हातांचा बारा हात झाला पाहिजे, मग तो रबरासारखा आखडतो आणि रुतलेल्या गाडीला अलगद उचलतो… लहान मूल पाळण्यातून काढावं तसं. वीस टनांचा पट्टा जिपेच्या ओढीला ताणतोय कशाला? तो आपला तटस्थ. मग सगळा हिसका लोखंडावर येतो आणि जे कच्चं असेल ते तुटतं. पट्टा घ्यावा तो गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट ताकदीचा, टोकाला आकडे नकोत, नुसते शिवलेले फासे हवेत, कारण आकडा सरळ होतो आणि सुटला की गोळीसारखा येतो.

हे सगळं मला माहीत. आणि जावईबापू तो वीस टनांचा पट्टा हातात घेऊन, डोळे लहान मुलासारखे करून मला विचारतात, "छान आहे ना, बाबा?"

आता बायको साडी अंगावर धरून छान आहे ना म्हणते, तेव्हा तुम्ही काय सांगता? मी मान हलवली.

मग पट्टा गाडीला जोडायची कडी घेतली. लाल रंगाची, चकचकीत. चांगल्या कडीवर ती किती वजन पेलते त्याचा अंक ठोकून उमटवलेला असतो. या कडीवर वाघाचं तोंड होतं. मी उलटीपालटी करून बघितली, सगळीकडे वाघच. "मजबूत वाटते ना, बाबा?" मान हलवली. मग तो गोळा. जिपेच्या मागं बसवायचा. आता हा गोळा असतो मागं छोटी गाडी जोडायला, सामानाची किंवा बोटीची, ती आपली मुकाट्यानं मागून येते, तिला एवढंच पुरतं. रुतलेली गाडी ओढायला गोळा नसतो. कधीच नसतो. तो हिसक्यानं मोडतो, आणि मोडून खाली पडत नाही, पट्टा त्याला ओढत नेतो, सरळ मागच्या गाडीच्या काचेकडे. खाणीत आमच्याकडे एकदा अशीच एक खीळ सुटली होती. माझ्यासमोर. डंपरची काच फोडून ड्रायव्हरच्या पाठीच्या जागी गादीत रुतून बसली. ड्रायव्हर त्या वेळी खाली उतरून पाणी पीत होता. तो दुसऱ्या दिवसापासून कामाला आला नाही, आणि आम्हीही त्याला बोलवायला गेलो नाही.

तेव्हा तो गोळा हातात घेऊन जावईबापू म्हणाले, "बाबा, अडकवायला सोपं पडेल, नाही?" आणि माझ्या डोळ्यांसमोर ती गादी आली. तोंड उघडलं मी, खोटं नाही सांगत, उघडलं… आणि बघतो तर ते गोळ्यात स्वतःचं भोपळ्याएवढं तोंड बघून हसत होते. आठवडाभर लोकांच्या किडलेल्या दाढा बघणारा माणूस एवढा हसला की आपल्याला बरं वाटतं. म्हटलं, असू दे. सामानाची गाडी जोडतील. आत्ता चार लोकांत नको, पुढं कधीतरी हळूच मुलीच्या कानावर घालू. जावयाला कोण बोलणार? मिठाची गुळणी धरली आणि घरी आलो.

मुलीच्या कानावर घातलं का? विचारू नका. दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाली, बाबा, वर्गात आहे… शाळेत गणित शिकवते ती. दुसऱ्यांदा म्हणाली, बोला ना बाबा, आणि मी म्हटलं, काही नाही, कशी आहेस? झालं.

पुढच्या रविवारी यांच्या मंडळाची सहल. अकरा माणसं, पाच गाड्या, नदीचं कोरडं पात्र. जावईबापू मला आणि मुलीला घेऊन गेले. मंडळाचा जो प्रमुख आहे त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. तुम्हाला वाटेल सैन्यात असेल. सहलींची तिकिटं काढून देतो. पण माणूस दिलदार. मुलीला म्हणाला, "ताई, आज माझी गाडी तुम्ही चालवा, भिऊ नका, ही गाडी भिंत चढते." आणि आपली ती हत्तीएवढी गाडी तिच्या हातात दिली. आता माझी मुलगी, कौतुक म्हणून सांगत नाही, पण कामात कसूर ठेवत नाही. पन्नास पावलं नीट चालवली, आणि मग सगळ्या कोरड्या पात्रात जी एकमेव ओली जागा होती, वरून पापुद्रा वाळलेला आणि खाली नुसता लगदा, तिथं नेऊन ती गाडी चारही चाकांवर अशी बसवली की म्हैस बसावी. काच खाली करून म्हणाली, "ही भिंत नव्हती वाटतं."

सगळे हसले. आणि आमच्या जावईबापूंचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू… बायको रुतलीय, पट्टा नवा आहे, सगळं मंडळ बघतंय. याहून जास्त माणसाला आयुष्यात काय पाहिजे? जीप तिच्यापुढं पाठमोरी आणून लावली. खाली उतरले. नवे हातमोजे घातले. तो वीस टनांचा पट्टा काढला, एक आकडा कॅप्टनच्या गाडीच्या पुढच्या कडीत टाकला, आणि दुसरं टोक… आता मी नेमकं सांगतो, लक्ष द्या… दुसरं टोक त्यांनी त्या गोळ्याला एक वेढा देऊन आकडा पट्ट्यालाच लावून टाकला. गोळ्याला.

मी बघतोय. गोळा इथं, पट्टा असा सरळ, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला काच, आणि काचेमागं माझी मुलगी केस बांधत बसलेली. मला वाटलं, कॅप्टन बोलेल. कॅप्टनचा फोन वर, तो चित्रण करतोय. मला वाटलं, बाकी नऊ जणांपैकी कुणीतरी बोलेल. एवढी वर्षं चिखलात जातात, कुणाला तरी कळत असेल ना? सगळे हाताची घडी घालून उभे. जावईबापू जिपेत बसले, जीप सुरू केली, आरशातून मागं बघितलं, बायकोला हात केला, आणि पट्टा सैल राहील एवढी जीप थोडी मागं घेतली. म्हणजे हिसका द्यायचा. पळत येऊन हिसका.

आता मी काय केलं? चाळीस वर्षं जे केलं तेच. मूठ वर केली. मूठ म्हणजे थांब. सगळ्या खाणीला माहीत आहे, पण खाण कुठं होती तिथं? जावईबापूंनी आरशात माझी मूठ बघितली आणि त्यांना काय आनंद झाला. त्यांनीही खिडकीतून मूठ वर केली. म्हणाले, "येस, बाबा!" मग कॅप्टननं मूठ वर केली. मग अकराच्या अकरा जणांनी मुठी वर केल्या आणि आरोळी ठोकली. मुलीनंसुद्धा आतून मूठ वर केली. आणि जिपेनं गुरगुर केली…

तुम्हाला सांगतो, तो आवाज माझ्यातून कुठून आला मला अजून माहीत नाही. चौथीनंतर वापरलेलाच नव्हता.

"अरे गाढवा, खाली उतर."

असा ऐकू गेला म्हणून सांगतो, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. जीप बंद. मुठी खाली. जावईबापू मुकाट्यानं खाली उतरले, हातमोजे काढले, शाळेत बाकावर उभं केल्यासारखे जिपेला टेकून राहिले. आणि गाडीतून मुलगी म्हणते, "बाबा, मी उतरू की यांनी?"

मी म्हटलं, "तू पण उतर. आधी तू उतर. त्या काचेसमोरून बाजूला हो." आणि ती उतरून, घोट्यापर्यंत चिखलातून चालत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मग तिचा हात धरला आणि खाली बसलो तिथंच, एका दगडावर.

जावई जवळ आले. म्हणाले, "बाबा, चुकलं का काही?"

मी म्हटलं, "सगळंच. पट्टा चुकला, कडी चुकली, गोळा तर… तो गोळा सुटला असता ना, तर हिच्या…" पुढचं बोटानं दाखवलं. त्यांना कळलं. डॉक्टर माणूस. त्यांनी गोळ्याकडे बघितलं, मग काचेकडे बघितलं, आणि तोंड असं पांढरं पडलं, त्यांनीच केलेल्या माझ्या कवळीसारखं. आणि मग काय म्हणाले, ऐका.

"पण बाबा, मी प्रत्येक वस्तू तुम्हाला विचारून घेतली."

मी म्हटलं, "तुम्ही छान आहे ना विचारलंत. बरोबर आहे का कुठं विचारलंत?"

"तुम्हाला बरोबर आहे का विचारायचं? तुम्ही चाळीस वर्षं हेच केलंत, मी तुमची परीक्षा घेतल्यासारखं नसतं का झालं? मी म्हटलं, चुकीचं असेल तर बाबा एका शब्दानं सांगतील. तुम्ही मान हलवलीत, म्हणून तर मी डोळे मिटून घेतलं. मला खरं तर तो जांभळा आवडला होता."

आता बोला. मी जावयाचा मान ठेवून गप्प, जावई सासऱ्याचा मान ठेवून गप्प, आणि दोघांच्या मानापायी माझी पोर काचेमागं. आणि एवढ्यावर थांबलं असं समजू नका. कॅप्टन पुढं आला, म्हणाला, "काका, मला तो गोळा बघून जरा खटकलंच होतं. पण हे म्हणाले, सासरे खाणीतले आहेत, सगळं त्यांच्या पसंतीचं आहे. मग मी कोण बोलणारा?" मागून आणखी दोघं म्हणाले, आम्हालाही खटकलं होतं. म्हणजे अकरा माणसांत खटकलं सगळ्यांना आणि जबाबदार एकटा मी. का, तर मी काही बोललो नाही. ही कुठली रीत आहे, मला सांगा.

गाडी कशी काढली म्हणता? फावड्यानं. चाकांतली थोडी हवा सोडली, पुढचा लगदा उपसला, पायपुसणी काढून चाकांखाली घातली, आणि जावयांना म्हटलं, आता तुम्ही बसा आणि हळू घ्या, बायकोच्या दाढेला हात लावताय असं समजून घ्या. वीस मिनिटांत गाडी बाहेर. अर्ध्या वेळा पट्टा लागतच नाही हो. पण फावडं त्या दुकानात दारामागं झाडूच्या शेजारी ठेवलेलं असतं, ते कोण दाखवणार?

घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. ही दारात. म्हणाली, "जावयाला गाढव म्हणालात?"

मी म्हटलं, "अगं, ऐक तरी…"

"अकरा लोकांत?"

"दहा. एक ते स्वतः."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मुलीनं सगळं नीट समजावून सांगितलं, गोळा, पट्टा, काच, सगळं. ही ऐकून घेत होती. मग आत गेली, बराच वेळ आतच होती, बाहेर आली ती माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "एवढंच होतं तर दुकानातच गाढव म्हणायचं होतं." आता या बाईला काय म्हणाल?

मग पुन्हा दुकान. या वेळी जावईबापू पुढं नाहीत, मला पुढं घातलं. तोच विक्रेता. "या सर, या सर, पंचवीस टनांचा आलाय." मी म्हटलं, "मला पाच टनांचा दे. ताणणारा. फासे शिवलेला." त्यानं दिला. मी शिवण बोटानं चाचपून बघितली, उजेडात धरून बघितली. मग कडी, वाघ नसलेली, वजनाचा अंक उमटलेली. आणि ती दोरीची मऊ कडी असते ना, ती नवीन निघालीय, ती मला फार आवडली, लोखंड नाही, सुटली तरी कुणाला इजा नाही… माझ्या खाणीच्या दिवसांत कुणी शोधली असती तर. गोळा परत केला. त्याच्या जागी, गोळा ज्या चौकोनी नळीत बसतो ना, त्या नळीत नुसता पट्ट्याचा फासा घालून आडवी खीळ ठोकायची, संपलं, काही विकत घ्यायलाच नको. शिवाय पट्ट्यावर टाकायला जड गोधडीसारखं एक येतं, तुटलाच तर पट्टा खाली पडावा म्हणून, ते घेतलं. आणि दारामागचं फावडं. विक्रेता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, मागच्या वेळीच मला वाटलं होतं, तुम्ही उलटीपालटी करून बघत होतात त्यावरून, की यांना कळतंय. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मग मीही…" मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं बिल करायला घेतलं.

तर आता सगळं सामान बरोबर. जीपमध्ये मागं व्यवस्थित पिशवीत, घडी घालून. आणि मीसुद्धा आता बोलतो. बोलावंच लागतं. दर रविवारी पुढच्या सीटवर मला बसवतात, आणि ओलं दिसलं की जीप थांबते. "बाबा, इथून जाऊ?" नको, खाली पोकळ आहे. "इथून?" नको, उजवीकडून घ्या. मागून मंडळाच्या बाकीच्या गाड्याही विचारतात, काका, आम्ही? तुम्ही पण उजवीकडून. तीन महिने झाले, पाच गाड्यांपैकी एकही रुतली नाही. एकही. मला वाटलं, लोक दुवा देतील. तर कॅप्टन परवा म्हणाला, "काका, राग मानू नका, पण आता हे देवळाला चालल्यासारखं वाटतं." आणि जावईबापू… ते काही म्हणत नाहीत, तोंडावर बोलायची त्यांची जातच नाही. पण चहाला थांबलो की ते मागं जातात, पिशवी उघडतात, तो पट्टा बाहेर काढतात, बघतात, परत घडी घालतात. त्याचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नाही.

या रविवारी तर सगळीकडे खडखडीत कोरडं होतं. एक डबकं होतं, चटईएवढं, बाजूनं जायला मैदान मोकळं. यांनी न विचारता जीप त्यात नेली. नेली कसली, घातली. पुढचं एक चाक बोटभर पाण्यात गेलं. जीप बंद केली. माझ्याकडे बघितलं नाही, समोर काचेतून बघत अगदी हळू म्हणाले, "बाबा, फसली वाटतं."

आता बोटभर पाणी हो. मागचा गिअर टाकला असता तर आमची हीसुद्धा ती जीप बाहेर काढती, आणि तिला सायकलसुद्धा येत नाही. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. म्हणजे आता बोलायची सवयही झालीय. पण त्यांचे कान लाल झालेले, हात आधीच दाराच्या कडीवर, आणि मागच्या चारही गाड्या थांबून, सगळे उतरून, आशेनं माझ्याकडे बघतायत…

मी खाली उतरलो. चाकाभोवती एक फेरी मारली. वाकलो, पाण्यात बोट घातलं, जरा वेळ तसाच राहिलो, आणि मान हलवत म्हटलं, "चांगलीच फसलीय हो. काढा तो पट्टा."